कव्हरवरच्या हसऱ्या पोरी

सायमी राउतिओने सैन्याला जेवढ्या कॉलरी पुरवल्या, तेवढ्या टांपेरे शहरात दुसऱ्या कुणी पुरवल्या असतील असं वाटत नाही. नदीकाठच्या शिवणकारखान्यात ती लग्नाआधीपासून होती. तिचं काम एकच, सैनिकांच्या करड्या ओव्हरकोटाची कॉलर. बाह्या दुसरी लावायची, काजं तिसरी करायची. सायमीची कॉलर मानेला टोचत नाही, असं सगळे म्हणायचे. मुकादम म्हणायचा, "चालेल." आमच्याकडे याहून मोठं कौतुक नसतं, त्यामुळे तिचं काही अडलं नाही.

आणि अशा बाईच्या पोटी कोण यावं? तार्मो! साखरेचं पाणी लावून ताठ उभे केलेले केस, फाटक्या पँटला सेफ्टीपिना, आणि कातडी जाकिटाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने काढलेली मोडकी बंदूक. तो पंक होता. रोज सकाळी पिस्पालाच्या टेकडीवरच्या त्या लाकडी घरातून मायलेक एकाच दाराने बाहेर पडायचे. ती कोट शिवायला जायची आणि तो कागदाच्या गोदामात गठ्ठे उचलायला. खालच्या मजल्यावरचा म्हातारा खिडकीतून ओरडायचा, "सायमी, तू शिवतेस आणि पोरगा उसवतो! धंदा बरा चाललाय तुमचा!"

सायमी हसायची नाही, रागवायचीही नाही. "सरपण ओलं निघालं यंदा," असं काहीतरी म्हणून पुढे जायची.

त्या घरात भांडण नव्हतं हो. नवरा गेला तेव्हा तार्मो शाळेत होता; तेव्हापासून दोघंच एकमेकांना. जीव लावून होती. पण बोलणं म्हणाल तर, "कॉफी आहे." "हं." "बर्फ पडणार." "हं." झालं! विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि समोरच्याला टोचेल असं विचारायचं नाही, हे आमच्याकडे दुधाबरोबरच पाजतात. मला तर कधीकधी या रीतीचा असा संताप येतो की काही विचारू नका.

त्या शरद ऋतूत पोरांनी एक रेकॉर्ड काढायचं ठरवलं. देशभरातले पंक पोरांचे बँड, प्रत्येकाचं एक गाणं, सगळी युद्धाविरुद्ध. कुणी एक पैसा घ्यायचा नाही. जे येईल ते सैन्यात जायला नकार दिला म्हणून तुरुंगात बसलेल्या पोरांसाठी. रेकॉर्डचं नाव 'आम्ही येणार नाही'. तार्मोच्या बँडचं नाव 'ओली काडेपेटी'. त्यांचं गाणं इतकं छोटं की ते संपेपर्यंत अर्धा कप कॉफीही पिऊन होत नसे. तार्मो त्यात गात नव्हताच, गळ्याच्या शिरा ताणून किंचाळत होता. पहिल्यांदा घरी लावलं तेव्हा सायमीला एकच ओळ कळली. 'माझ्या आईकडे माझं प्रेत धाडू नका.'

हातातल्या बशीचा काठ तिने घट्ट धरला. "आवाज मोठा आहे," ती म्हणाली.

"असतोच," तार्मो म्हणाला.

सैन्याचं सक्तीचं बोलावणं त्यालाही आलं होतं. बंदूक धरणार नाही, त्याऐवजी इस्पितळात फरशा पुसतो, असा अर्ज त्याने केला होता. पण तसं नुसतं म्हणून भागत नसे. हेलसिंकीत एक मंडळ बसायचं. तुझं मन खरंच युद्धाला नाही म्हणतं की तू नुसता कामचुकार आहेस, हे ते लोक समोर बसवून तपासायचे. त्यांना पटलं तर इस्पितळ; नाही पटलं तर बराक, नाहीतर तुरुंग. ओळखीचं कुणी माणूस साक्षीला आणता येत असे. तार्मोने आधी पाद्रीबाबांना विचारलं. त्यांना त्या दिवशी नेमकं कुणाचं तरी लग्न निघालं. मग शाळेतल्या मास्तरांना विचारलं. त्यांची कंबर धरली. आईला काही त्याने विचारलं नाही. सैन्याच्या कॉलरी शिवणाऱ्या बाईकडे शांततेची साक्ष कोण मागणार?

सायमीने मात्र आपला एकुलता एक चांगला निळा झगा कपाटातून काढला, ब्रश मारला आणि खोलीच्या दारामागे खिळ्याला अडकवून ठेवला. तो विचारेल, मग जायचं. त्याने विचारायची ती वाट बघत राहिली.

अशातच एका रविवारी कव्हरं चिकटवायचं निघालं. छापून आणलेले कागद कापायचे, घडी घालायची, खळ लावायची, दाबायचं. हजारभर कव्हरं! तार्मोचे मित्र स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसले होते. त्यांच्यात गिटार वाजवणारी तुइयाही होती. तिच्या नाकात नथ नव्हती, चक्क सेफ्टीपिन होती. सायमीने दालचिनीचे पाव भाजले होते, ते ताटात घेऊन ती आत आली आणि टेबलावरचं कव्हर तिने पाहिलं.

जुना फोटो होता. फळ्यांच्या एका शेडसमोर करड्या गणवेशातल्या सात-आठ पोरी उभ्या. अंगावर रबरी एप्रन, बाह्या कोपरापर्यंत वर, केस मोकळे, ओले, खांद्यावर आलेले. आणि सगळ्या तोंड भरून हसत होत्या. पोरांनी प्रत्येकीच्या डोळ्यांवर काळी पट्टी मारली होती. खाली वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'मरणाच्या नवऱ्या'.

डावीकडून तिसरी सायमी होती.

"हे कुठून आणलं?" तिने विचारलं.

"माळ्यावरून," तार्मो म्हणाला. "तो गंजका कॉफीचा डबा नाही का, त्यात होतं. आजीकडचं काहीतरी असेल. कसलं भारी आहे बघ ना! युद्धातल्या त्या स्वयंसेविका. तिकडे पोरं पटापट मरतायत आणि ह्यांच्या बत्तिश्या बाहेर! केस काय सोडलेत, खिदळतायत काय!"

पोरं हसली. तार्मोचा तरी काय दोष? आईला केस मोकळे सोडलेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. सायमीच्या हातातलं ताट जड झालं. मी आहे ती, गाढवा, असं म्हणायला तिने तोंड उघडलंही. पण समोर पाच पोरं, सगळी आनंदात, आणि कापून झालेल्या कागदांची ही रास. आता बोललं तर सगळंच वाया. पोराचा चारचौघांत पाणउतारा होईल तो वेगळाच.

तुइयाचं लक्ष गेलं. "तार्मोची आई, तुम्हाला आवडलं नाही का?"

"खळ जास्त लावताय," सायमी म्हणाली. "सुरकुत्या पडतील. सरका."

आणि ती बसली. खुर्ची ओढून, त्यांच्यात बसली आणि चिकटवायला लागली! आयुष्यभर शिवणकाम केलेला हात. पोरांचं एक होईपर्यंत तिची चार होत. घडी, खळ, दाब. कडेला दाबताना तिचा अंगठा दर वेळी त्याच जागी पडायचा, डावीकडून तिसरीच्या तोंडावर. "तुमच्या आईला बँडमध्येच घ्यायला हवं," एक पोरगा म्हणाला. तार्मोचा चेहरा फुलला. आई आपल्या बाजूने आहे, याची त्याला तेवढी एकच खूण मिळाली, आणि तीही असली.

ती शेड काय होती ते आता मी सांगतो, कारण सायमी तर सांगणार नव्हती.

आमच्याकडे सैनिक जिथे पडेल तिथे पुरत नाहीत. त्याला त्याच्या गावी, त्याच्या चर्चच्या आवारात आणतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या युद्धातही आणत होते. मालगाड्या भरून यायच्या. स्टेशनाच्या मागे एक शेड, तिथे पाणी तापवलेलं असायचं आणि सतरा-अठरा वर्षांच्या पोरी तयार असायच्या. त्यांनी त्या पोरांना धुवायचं, केस विंचरायचे, डोळे मिटायचे, कागदी सदरा घालून पेटीत ठेवायचं. चेहराच राहिला नसेल तर पेटीवर खूण करायची, म्हणजे घरच्यांनी उघडू नये. पोराच्या घरच्यांनी विचारलं तर सांगायचं, झोपल्यासारखा दिसत होता. बाकी हूं की चूं करायचं नाही, अशी सक्त ताकीद. मग युद्ध हरलो आणि जिंकणाऱ्यांच्या हुकमावरून त्या स्वयंसेविकांची संघटनाच बंद करून टाकली. तिचं नाव काढणंही धोक्याचं झालं. करडे गणवेश काळे रंगवून त्यांचे परकर शिवले. फोटो डब्यात गेले. सायमीने तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. नवऱ्यालाही बोलली नाही.

एक गोष्ट तेवढी तिच्या हातात राहिली. त्या पोरांच्या मानांवर लाल पट्टे असायचे. गोळी कुठेही लागलेली असो, मान घासलेली असायचीच, जाड कॉलरीने. धुवून ते जात नसत. म्हणून सायमीची कॉलर टोचत नव्हती.

शिवणकारखान्यात गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं. त्या गुरुवारी आउने तिच्या समोर येऊन बसली. ही काजं करणारी बाई, सायमीची तेव्हापासूनची मैत्रीण, फोटोत कडेला बादली घेऊन उभी आहे ती. आउनेने पिशवीतून रेकॉर्ड काढली आणि सुपाच्या वाडग्याशेजारी आपटली.

"हे काय गं? तामेला बाजाराजवळच्या दुकानात टांगलंय! माझ्या डोळ्यांवर पट्टी? मी काय कुणाची कोंबडी चोरली?"

"हळू बोल, आउने."

"चाळीस वर्षं हळूच बोलतेय मी! तुझ्या पोराचं काम ना हे? नाव आहे मागे त्याचं. आणि तू काय करत होतीस तेव्हा?"

"चिकटवत होते."

आउनेचा चमचा अर्ध्यावर थांबला. "काय करत होतीस?"

"खळ लावून. बरीचशी मीच चिकटवली."

आउने आधी फसकन हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. "तू बाई दगड आहेस, दगड! अगं, सांग ना त्याला. पुढच्या आठवड्यात त्याचं ते मंडळ आहे ना? तूच जा साक्षीला. युद्धात माणसाचं काय होतं ते तुझ्याइतकं त्या खुर्चीवाल्यांना तरी माहीत आहे का?"

"त्याने विचारलं तर जाईन."

"आणि नाही विचारलं तर?"

सायमीने सुपात वाटलेली मोहरी घातली आणि ढवळत बसली.

"निदान आपण हसत का होतो, तेवढं तरी सांग त्याला," आउने म्हणाली. "पोरगा समजतोय की आपण प्रेतांवर हसत होतो. ते नाही गं सहन होत मला."

सायमी ढवळतच राहिली. दुसऱ्या दिवसापासून आउने खिडकीजवळच्या टेबलावर बसायला लागली, आणि पुन्हा कधी सायमीच्या समोर आली नाही.

हेलसिंकीला जायच्या दिवशी सायमीने राईचा पाव, चीज, उकडलेलं अंडं, सगळं कागदात बांधून दिलं. तार्मोने रेकॉर्ड पिशवीत घातली. हाच आपला पुरावा, असं त्याचं म्हणणं. बोलता त्याला येत नव्हतं. ते आमच्यापैकी कुणालाच येत नाही. माइकसमोर किंचाळणारा हा पोरगा खोलीत चार माणसं दिसली की बुटांकडे बघायचा. जाकीट घेताना त्याची नजर दारामागच्या निळ्या झग्यावर गेली.

"हा कशाला काढलायस? चर्चला निघालीस?"

देवाने याहून मोठं दार काय उघडायचं! तुझ्याबरोबर यायला, असं म्हणायचं, बस्स. झगा चढवायला असा किती वेळ लागला असता?

"हवा देत होते," सायमी म्हणाली. "मफलर घे."

त्याने मफलर घेतला आणि गेला.

परत आला तो अंधार पडल्यावर. जाकीट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. सायमीने कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं.

"नाही म्हणाले," तार्मो म्हणाला.

सायमीने दोन कप काढले.

"आधी बरं चाललं होतं. गाणं तुझंच का, वगैरे. मग त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरने कव्हर हातात घेतलं आणि खाली ठेवीचना. या मुली कोण, म्हणाला. मी म्हटलं, पोरांना मरायला धाडून हसणाऱ्या बायका. तो म्हणाला, मागे फळ्यांची रास दिसते ती कसली? मी म्हटलं, सरपण असेल. म्हणाला, शवपेट्यांच्या फळ्या आहेत. दोरीवर कागदी सदरे आहेत. मी आघाडीवर होतो, माझ्या टेबलावर मेलेली पोरं या मुली धूत होत्या. मग विचारलं, फोटो कुणाचा? मी म्हटलं, आमच्या माळ्यावरचा." तार्मोने पिशवी खाली ठेवली. "मग म्हणाला, तुझी आई आहे का यात? आणि मी म्हटलं, माहीत नाही."

कॉफी उतू गेली. सायमीने भांडं उतरवलं.

"मग मधल्या खुर्चीतला म्हणाला, ज्याला स्वतःच्या घरात आलेलं युद्ध ठाऊक नाही, त्याचा विरोध तो कसला? वरवरचा आहे. पुढचा उमेदवार." तो दोन पावलं आत आला. "तू आहेस त्यात?"

"डावीकडून तिसरी."

"आणि तरी त्या दिवशी बसून चिकटवलीस?"

"हो."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

तार्मो हसला. वाईट हसला. "आणि तू सांगितलं नाहीस. वा! आपल्या दोघांवर पण एक कव्हर काढायला हवं." दार आपटलं नाही त्याने. हळूच ओढून घेतलं आणि तुइयाकडे राहायला गेला. सायमीने टेबल पुसलं, निळा झगा कपाटात ठेवला आणि तशीच कपाटाला टेकून रडली. पुरलेल्या माणसांसाठीसुद्धा ती अशी रडली नव्हती. एका वाक्याचं काम होतं. तेवढ्यासाठी पोर गेलं.

बराकीत जायला तार्मोने नकार दिला आणि कोर्टाने नऊ महिने दिले. पंक पोरांनी सरकारला शिव्या घातल्या. तुइयाने भिंतींवर घोषणा रंगवल्या. सायमीने दुसऱ्या कुणाला दोष दिला नाही, तिला कुणाचं नाव घ्यायचं ते पक्कं माहीत होतं. रोज कारखान्यात जायची, कॉलर शिवायची. तार्मोचं पत्र आलं नाही. रेकॉर्ड खपत होती म्हणे. स्वीडनमध्ये, जर्मनीत गेली. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या त्या पोरी कुठल्या कुठल्या घरांतल्या भिंतींना टेकून उभ्या होत्या, आणि आता त्यांना परत बोलवायची काही सोय नव्हती.

मार्चमध्ये, बर्फ काळं पडून रस्त्याच्या कडेला साचलं तेव्हा, तिने निळा झगा घातला आणि बसने तुरुंगात गेली. न बोलावता. तिच्या लेखी हे फार होतं.

मधे टेबल, पलीकडे तार्मो. केस बारीक कापलेले. त्यामुळे तो एकदम शाळेतला दिसत होता. दोघं बसली. पहारेकरी भिंतीशी. "रस्ता कसा होता?" "निसरडा." "हं." आणि झालं, संपलं. मग सायमीचा हात टेबलावरून पुढे गेला आणि तिने त्याच्या तुरुंगातल्या सदऱ्याची कॉलर चिमटीत धरली.

"कुणी शिवलीय ही? कापड उलटं कापलंय."

"आई, इथे पण?"

"मान बघू." तिने कॉलर मागे केली. लाल पट्टा होता. सायमीचं बोट त्यावर थांबलं. आणि मग ती बोलायला लागली. कुणी विचारलं नव्हतं! जन्मात पहिल्यांदा ती न विचारता बोलली. त्या पोरांच्या मानांवर असाच असायचा, म्हणाली. गाड्या कशा यायच्या, पाणी कसं लागलीच गार व्हायचं, शेजारच्याच गल्लीतला एक पोरगा कसा आला आणि ती त्याच्या आईला काय खोटं बोलली, सगळं. शब्द ओबडधोबड येत होते, मधेच अडत होते. तुझ्या गाण्यातली ओळ कळली मला, म्हणाली. प्रेत धाडू नका म्हणतोस ती. त्या दिवशीच सांगायला हवं होतं. मी तुझ्याच बाजूची आहे रे, तू जन्मायच्या आधीपासून.

तार्मो बुटांकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता.

"वेळ झाली," पहारेकरी म्हणाला.

दोघं उठली. तार्मोने टेबलाची कड धरून ठेवली. "आई, एक विचारू?"

"विचार."

"त्या फोटोत... हसत का होतात तुम्ही?"

सायमीने पर्स बंद केली. "आदल्या दिवशी दोन गाड्या आल्या होत्या," ती म्हणाली. "त्या दिवशी पहाटेपासून पाणी तापवून बसलो होतो, आणि गाडी आलीच नाही. संध्याकाळ झाली तरी नाही. एवढं ऊन पाणी टाकायचं कुठे? मग आम्ही आमचेच केस धुतले."